पाण्याला तुमच्या घरी काय म्हणतात?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

काही महिन्यांपूर्वी अमरावतीतल्या एका बालशाळेनं मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. बायपासला लागून नवी इमारत, दारावर रंगीत पाटी, आणि पाटीवर शाळेच्या नावापुढे 'इंटरनॅशनल' हा शब्द. अशा पाट्या आता अमरावतीत आणि अकोल्यात गल्लोगल्ली दिसतात. त्या दिवशी शाळेत 'विविधता दिन' होता. तीन ते सहा वर्षांची लेकरं नटूनथटून आली होती. कुणी पंजाबी, कुणी बंगाली, कुणी जपानी किमोनोत. एकेक जण मंचावर येई, दोन वाक्यं म्हणे आणि टाळ्या घेऊन जाई.

मग एक मुलगा आला. डोक्यावर जाळीची टोपी, हनुवटीला कापसाची दाढी. बाईंनी ध्वनिक्षेपकावरून सांगितलं, "हा आपला मुसलमान मित्र." टाळ्या झाल्या. माझ्या शेजारी, पाहुण्यांच्या रांगेत, आमच्या मोहल्ल्यातली पाच वर्षांची एक मुलगी येऊन बसली होती. ती त्याच शाळेत शिकते. तिला केरळची साडी नेसवली होती. तिनं माझी बाही ओढली आणि हळूच विचारलं, "नाना, मेरे अब्बू तो पँट पैनते ना?"

मंडळी, त्या प्रश्नाला मला पटकन उत्तर देता आलं नाही. तिचे अब्बू मोटारसायकल दुरुस्त करतात. दाढी राखत नाहीत, वऱ्हाडी फर्डी बोलतात. मंचावरचा 'मुसलमान' तिच्या घरात कुठंच नव्हता. बाईंचा हेतू वाईट नव्हता, हे मी आधीच सांगतो. त्यांनी मेहनत घेतली होती. पण चांगल्या हेतूनं केलेली गोष्ट लेकराच्या मनात काय ठेवून जाते, ते पाहायला हवं. म्हणून आज हा विषय घेतला.

माझी स्वतःची एक आठवण सांगतो. मी खेड्यातला. घरी आम्ही उर्दू आणि वऱ्हाडी मिसळून बोलायचो. उर्दू शाळा दूर, म्हणून अब्बांनी मला गावच्या मराठी शाळेत घातलं. पहिल्याच दिवशी तहान लागली. मी उभा राहून 'पानी' मागितलं. वर्ग हसला, आणि गुरुजीही हसले. म्हणाले, "पानी नाही रे, पाणी म्हण." तो 'ण' काही माझ्या जिभेवर येईना. मी खाली बसलो. त्या दिवशी घरी जाईपर्यंत मी पाणी मागितलं नाही. पुढं मी मराठीत बीए केलं, मराठीत कविता लिहिल्या. तरी 'पाणी' हा शब्द लिहिताना आजही ती दुपार आठवते.

तुम्ही म्हणाल, एवढंसं लेकरू, त्याला काय कळतं? खूप कळतं. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ पतिपत्नींनी १९४० च्या सुमारास एक प्रयोग केला. तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे त्यांनी बाहुल्या ठेवल्या. बाहुल्या एकसारख्या, फक्त रंग वेगळा. विचारलं, चांगली बाहुली कुठली? बऱ्याच मुलांनी गोरी दाखवली. वाईट कुठली? काळी दाखवली. मग शेवटचा प्रश्न, तुझ्यासारखी कुठली? त्या प्रश्नाला काही मुलं रडली. काळ्यागोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा निकाल १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं दिला, त्यात या अभ्यासाचा उल्लेख आहे. म्हणजे कोण चांगला, कोण हलका, हे लेकरू शाळेत यायच्या आधीच टिपत असतं. आपण त्याला काही शिकवलं नाही, म्हणून ते काही शिकत नाही असं नव्हे.

त्याच देशातल्या लुईझ डर्मन-स्पार्क्स या बालशिक्षण-तज्ज्ञ बाईंनी १९८९ मध्ये एका पुस्तकात, वेषभूषा करून साजऱ्या होणाऱ्या अशा विविधतेला 'पर्यटकी' पद्धत म्हटलं. पर्यटक गावात येतो, फोटो काढतो, एक पदार्थ चाखतो आणि निघून जातो. गावातली माणसं रोज कशी जगतात, ते त्याला दिसत नाही. वर्षातून एक दिवस टोपी आणि दाढी, आणि उरलेले दिवस त्या घराचं नावही नाही, असं झालं की मुलं पर्यटकच होतात. शेजारच्या बाकावरचा मित्रसुद्धा त्यांना प्रेक्षणीय स्थळ वाटू लागतो.

मग करायचं काय? याचं उत्तर शोधायला आपल्याला परदेशी जायला नको. बालशिक्षणाची वाट दाखवणाऱ्या ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं अमरावतीतच राहत होत्या. त्यांचे पती इथं वकील होते. पुढं ताराबाई १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. अनुताई वाघ या कामात सोबत होत्या.

तिथं त्यांना एक अडचण आली. आदिवासींची मुलं बालवाडीत येईनात. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, यांना शिक्षणाची आवड नाही. ताराबाईंनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरं राखणारी मुलं कुरणात असतात, तर कुरणातच शाळा भरवली. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती आणि ती मुलांच्या ओळखीचीही नव्हती. म्हणून शिंपले, बिया, दगड, पानं हीच साधनं झाली. लेकरानं शाळेसारखं व्हावं, असा हट्ट त्यांनी धरला नाही. शाळाच लेकराच्या घरासारखी झाली. मला वाटतं, विविधता साजरी करण्याचा अर्थ यात आला.

ही अंगणवाडी पुढं देशभर गेली. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. महाराष्ट्रातल्या अगदी सुरुवातीच्या प्रकल्पांत एक आपल्या मेळघाटातल्या धारणीचा होता. धारणी, चिखलदऱ्याकडे लेकरं घरी कोरकू बोलतात. कोरकू ही मराठी-हिंदीच्या कुळातली भाषा नाही. ती मुंडा कुळातली. संथाली, मुंडारी या तिच्या बहिणी पार झारखंडकडे राहतात. कोरकू लेकराच्या आईकडून आलेला 'पाणी' हा शब्दच नाही. त्याच्या घरी पाण्याला 'डा' म्हणतात. मराठी बोलणाऱ्या बाईंपुढे ते लेकरू गप्प बसलं, तर ते मंद नसतं. ते माझ्यासारखंच तहानलेलं असतं.

आता वर्गात काय करता येईल, ते सांगतो. खर्च काही नाही.

पहिली गोष्ट, पाण्याची. एक दिवस माठाजवळ मुलांना गोल बसवा आणि विचारा, तुमच्या घरी याला काय म्हणतात? मराठीत पाणी, गुजरातीत पाणी, सिंधीतही पाणी. उर्दू-हिंदीत पानी. गोंडीत येर, कोरकूत डा. मुलांना दिसेल की सिंधी कॅम्पातल्या पोराचा 'ण' आणि मराठी पोराचा 'ण' एकच आहे. मोहल्ल्यातल्या पोरीचा 'न' जरा वेगळा आहे आणि मेळघाटातल्या मुलाचा शब्द तर सगळ्यांहून छोटा आहे. मग प्रत्येकानं दुसऱ्याच्या शब्दात पाणी मागायचं आणि प्यायचं. चुकलं तर हसायचं नाही. एवढाच नियम.

दुसरी गोष्ट, डब्याची. आपल्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. गाणी झाली की खिरापतीचा झाकलेला डबा येतो आणि आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं असतं. लहानपणी मीही त्या घोळक्यात असायचो. डबा हलवून, कान लावून ओळखायचो. शेजारच्या काकू म्हणायच्या, "याचा कान लय तिखट हाये बाप्पा, याले डब्बा नोका देऊ!" हाच खेळ वर्गात आणा. रोज एका घरचा झाकलेला डबा. एक दिवस सिंधी कोकी, एक दिवस रोडग्याचा तुकडा, एक दिवस शेवया. कुतूहल असलं की नाक मुरडायला वेळ मिळत नाही. मात्र एक पथ्य पाळा. कुणाला काय चालत नाही, ते आईवडिलांना आधी विचारा आणि कुणालाही खायची सक्ती करू नका. आपण खात नाही ते दुसरा खातो, म्हणून तो वाईट होत नाही. एवढं लेकराला कळलं तरी पुष्कळ झालं.

तिसरी गोष्ट मला कवी म्हणून फार आवडते. ती चंद्राची. सण धर्मानुसार न मांडता चंद्रानुसार मांडा. भिंतीवर चंद्राची चित्रं लावा. चंद्र दिसत नाही ती अमावास्या, तिच्याखाली पोळा आणि दिवाळीचं लक्ष्मीपूजन. बारीक कोर, तिच्याखाली रमजान ईद आणि सिंधी लोकांचा चेटीचंड. भरलेला चंद्र, त्याच्याखाली होळी, बुद्धपौर्णिमा, कोजागिरी, गुरुनानक जयंती. मेळघाटातली कोरकूंची होळी त्याच चंद्राची. नाताळ मात्र सूर्याच्या पंचांगाचा, म्हणून दरवर्षी २५ डिसेंबरलाच.

मुलं विचारतील, ईद दरवर्षी सरकते का? हो. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून ईद दरवर्षी १०-११ दिवस आधी येते. हिंदू पंचांगात साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास घालून हिशेब जुळवतात, म्हणून दिवाळी थंडीच्या तोंडाशीच राहते. पाच वर्षांच्या मुलाला आकडे नका सांगू. त्याला रात्री अंगणात नेऊन कोर दाखवा. ती कोर त्याच्याही घरावर आहे आणि मित्राच्याही.

चौथी गोष्ट, माणसांची. वेष चढवण्यापेक्षा खऱ्या माणसांना बोलवा. कुणाची आजी गोधडी शिवते, कुणाचे आजोबा तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घडवतात, कुणाचे अब्बू मोटारसायकलचं इंजिन खोलतात. त्यांनी धर्मावर भाषण द्यायचं नाही. आपलं काम दाखवायचं आणि आपल्या बोलीत बोलायचं. आणि कुठल्याही लेकराला 'तुमच्यात कसं असतं ते सांग' म्हणून सगळ्या समाजाचा प्रतिनिधी करू नका. ते फक्त स्वतःच्या घराचं सांगू शकतं.

काही पालक म्हणतात, आम्ही इंग्रजीसाठी पैसे भरतो, हे कशाला? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं. तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानून, शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरची भाषा शिकण्याचं माध्यम असावी, असं त्यात म्हटलं आहे. घरच्या भाषेत ज्याचा पाय पक्का, तो दुसऱ्या भाषेत लवकर चालतो. काही म्हणतात, शाळेत धर्म नको. मान्य. मीही पूजा किंवा नमाज शिकवा म्हणत नाही. शेजाऱ्याची ओळख करून द्या म्हणतो.

आणि यात एक घाई आहे. आपल्या वऱ्हाडात सहाव्या वर्षानंतर मुलं पांगतात. कुणी उर्दू शाळेत, कुणी जिल्हा परिषदेत, कुणी आश्रमशाळेत, कुणी मोठ्या फीच्या इंग्रजी शाळेत. त्यानंतर त्यातली कित्येक एका बाकावर कधीच बसत नाहीत. पुढं एकमेकांबद्दल जे ऐकतात ते निवडणुकीत, अफवांत आणि मोबाइलवर. तीन ते सहा ही तीन वर्षं एकत्र मिळाली, तर ती कापसाच्या दाढीवर घालवू नयेत.

त्या कार्यक्रमात शेवटी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी भाषण केलं नाही. मुलांना विचारलं, "पाण्याला तुमच्या घरी काय म्हणतात?" क्षणभर शांतता. मग केरळची साडी नेसलेली आमची ती मुलगी उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "पानी!" कुणी हसलं नाही. दाढीवाला मुलगा कापूस ओढून काढत म्हणाला, "आमच्या घरी पाणी." बाईंनी दोन्ही शब्द फळ्यावर लिहिले आणि तिसऱ्याची वाट पाहत खडू हातात धरून उभ्या राहिल्या.