बाकीतून सापडणारा मसावि

इतिहास हा माझा विषय. परंतु निवासी शाळेतील शिक्षकाला रात्रीच्या अभ्यासिकेत विषयाची सीमा पाळता येत नाही. समोरचे मूल जी वही पुढे करील, तो त्या रात्रीचा आपला विषय. अशाच एका रात्री एक विद्यार्थी गणिताची वही मिटून बसला होता. विचारल्यावर म्हणाला, "सर, मला मसावि येत नाही. मला गणितच येत नाही." पहिले वाक्य त्या रात्रीपुरते खरे होते. दुसरे त्याने स्वतःवर लादून घेतले होते.

मसावि म्हणजे महत्तम सामाईक विभाजक. दिलेल्या सर्व संख्यांना निःशेष भाग देणारी सर्वांत मोठी संख्या. १२ आणि १८ यांचा मसावि ६, हे अवयव पाडून चटकन सांगता येते. त्या मुलापुढे मात्र १०८१ आणि १३६३ या संख्या होत्या. त्याने २, ३, ५, ७, ११, १३ यांनी भाग देऊन पाहिला होता. एकानेही भाग जाईना. अशा वेळी अवयव शोधण्याची गरजच नसते. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागावे. जी बाकी उरेल तिने आधीच्या भाजकाला भागावे. बाकी शून्य येईपर्यंत हेच करीत राहावे.

१३६३ ÷ १०८१ : भागाकार १, बाकी २८२
१०८१ ÷ २८२ : भागाकार ३, बाकी २३५
२८२ ÷ २३५ : भागाकार १, बाकी ४७
२३५ ÷ ४७ : भागाकार ५, बाकी ०

ज्या भाजकाने बाकी शून्य झाली तो ४७ हा मसावि होय. येथे अनेक मुले शेवटचा भागाकार ५ हेच उत्तर लिहितात. ती चूक टाळावी. पडताळाही सोपा आहे : १३६३ = ४७ × २९ आणि १०८१ = ४७ × २३.

आता हे असे का घडते, ते पाहू. समजा, एक सभागृह १३६३ सेंमी. लांब आणि १०८१ सेंमी. रुंद आहे. त्यात एकाच मापाच्या, शक्य तितक्या मोठ्या चौरस फरश्या एकही न तोडता बसवायच्या आहेत. सभागृहातून १०८१ सेंमी. बाजूचा चौरस वेगळा काढला, की २८२ सेंमी. रुंदीची पट्टी उरते. जी फरशी लांबीत आणि रुंदीत पुरेपूर बसते, ती या पट्टीच्या रुंदीतही बसलीच पाहिजे. उलट, जी फरशी १०८१ आणि २८२ या दोन्ही मापांत बसते, ती त्यांच्या बेरजेत, म्हणजे १३६३ मध्येही बसते. म्हणून दोन्ही जोड्यांचा मसावि एकच. प्रत्येक भागाकारागणिक संख्या लहान होतात, मसावि मात्र बदलत नाही. शिवाय बाकी भाजकापेक्षा नेहमीच लहान असते, त्यामुळे ही क्रिया कधीतरी संपतेच. शेवटचा भाजक १ आला, तर त्या संख्या सहमूळ आहेत असे समजावे. तीन संख्या असतील, तर प्रथम दोहोंचा मसावि काढून त्याची तिसरीशी जोडी लावावी.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या रीतीचे वय मोलाचे वाटते. इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडने 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या सातव्या भागात, अगदी आरंभीच, ती सिद्धतेसह मांडली. आपल्याकडे इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने 'कुट्टक' या रीतीत हाच परस्पर भागाकार वेगळ्या प्रकारची उदाहरणे सोडविण्यासाठी योजला. पुढे इ. स. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी 'लीलावती'त कुट्टकाचे विवेचन केले. १८४४ मध्ये फ्रेंच गणितज्ञ लामे याने दाखवून दिले, की लहान संख्येत जितके अंक असतील, त्याच्या पाचपटीहून अधिक भागाकार कधीही करावे लागत नाहीत. म्हणजे चार अंकी संख्येसाठी फार तर २०. आपले काम तर चारांत झाले. आज संगणकावरील गुप्त संदेशांच्या गणितातही हीच रीत वापरली जाते.

त्या रात्री मुलाने चारही भागाकार स्वतः केले. मी फक्त "आता कोणाला भागायचे?" एवढेच विचारीत होतो. ४७ येताच त्याने न सांगता पडताळा घेतला आणि पुढचे उदाहरण मागितले.

पालकांना म्हणूनच एक विनंती. आपले शिक्षण अर्ध्यावर राहिले असेल, तरी भागाकार येत असल्यास सुट्टीत घरी आलेल्या मुलाजवळ बसून ही रीत आपणही करून पाहावी. आरंभासाठी ११४७ आणि १५१७ या संख्या घ्याव्यात. तिसऱ्या भागाकारालाच बाकी शून्य येईल. उत्तर मुलाकडून तपासून घ्यावे.