खोडवा वरून कापून मरत नाही : मोबाइलमधल्या वर्गण्या आणि आपले बँक खाते



ऊस बिलाची पावती हाती आली की आपला सभासद ती कशी वाचतो, हे मी इतकी वर्षे पाहत आलो आहे. आधी टनेज, मग दर आणि मग एकेक कपात. सोसायटीचे कर्ज, बेण्याची उधारी, खताची उधारी. पन्नास रुपये जरी जास्त वाटले तरी तो सायकल काढून गट कार्यालयात येतो आणि विचारतो, "हे कशाचे कापले जी?" ही सवय चांगली आहे. ती कोणीही सोडू नये.

परंतु हेच बिल बँक खात्यात जमा झाल्यावर तिथून दरमहा जी कपात होते, तिच्याकडे मात्र आपले लक्ष नसते. त्याच कपातीबद्दल आज लिहीत आहे. विषय उसाचा नाही. पण उसाच्या पैशाचा आहे.

पासबुकातील तीन आकडे

जून महिन्यातील गोष्ट. वैनगंगेच्या काठच्या एका गावचे आपले सभासद पासबुक घेऊन गट कार्यालयात आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "साहेब, खात्यातून पैसे चालले जी. मी तं काहीच घेतलो नाही. बँकवाल्याले विचारलो, तं म्हणते तुम्हीच मंजुरी देल्ली."

पासबुक पाहिले. दर महिन्याला तीन रकमा जात होत्या : 149, 199 आणि 59. आधी त्यांना बँकेचा संशय आला. मग थोरल्या पोराचा. घरात बोलाचाली झाली आणि बापलेकांनी तीन दिवस एकमेकांशी बोलणे टाकले. फोन उघडून पाहिला तेव्हा उलगडा झाला. 149 रुपये सिनेमाच्या अ‍ॅपचे. 199 धाकटीच्या अभ्यासाच्या अ‍ॅपचे. पहिला आठवडा 1 रुपयात म्हणून घेतलेले. 59 भजन-गाण्यांच्या अ‍ॅपचे, आणि ते त्यांनी स्वतःच मंजूर केले होते! पडद्यावर इंग्रजीत काही आले, पोरीने "बाबा, पिन टाका" म्हटले, आणि बाबांनी पिन टाकला. चोर कोणीच नव्हता. सिनेमाचे अ‍ॅप तर पोराने केव्हाच फोनमधून काढून टाकले होते. तरी पैसे जातच होते.

तीन रकमांची बेरीज 407. वर्षाचे झाले 4,884 रुपये. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये, म्हणजे टनाला 3,550 रुपये एफआरपी ठरविली. त्या हिशेबाने जवळजवळ 1.4 टन ऊस. तोडणी-वाहतूक वजा केली तर त्याहूनही जास्त. रानडुकरांपासून राखलेला, रात्रीच्या विजेवर पाणी दिलेला ऊस हा!

पण खरे नुकसान पुढेच होते. मे अखेरीस प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा 436 रुपयांचा वार्षिक हप्ता याच खात्यातून जायचा होता. त्या दिवशी शिल्लक होती 380. हप्ता गेला नाही आणि दोन लाखांचे संरक्षण थांबले. 20 रुपयांचा सुरक्षा विमा तेवढा गेला, कारण तितके पैसे होते. घरात कमावता माणूस एकच. सुदैवाने मधल्या दिवसांत काही झाले नाही. त्यांचे वय 47, म्हणून त्यांना नव्याने नाव घालता आले. जीवन ज्योतीत वयाच्या 50 पर्यंतच शिरता येते. आत असलेल्याला हप्ता चालू ठेवून 55 पर्यंत राहता येते. नव्याने शिरल्यावर पहिले 30 दिवस फक्त अपघाती मृत्यूचीच भरपाई मिळते. पन्नाशी उलटलेल्या सभासदाचा हप्ता असा चुकला तर काय, याचा विचार ज्याने त्याने करावा.

जुनी वर्गणी आणि नवी वर्गणी

आपल्या पिढीला वर्गणी माहीत आहे. कृषी खात्याचे 'शेतकरी' मासिक मागवायचे तर वर्षाचे पैसे भरायचे. वर्ष संपले की अंक बंद. पुढे हवा असेल तर आपण पुन्हा पैसे भरायचे. म्हणजे काही केले नाही तर वर्गणी आपोआप संपायची.

मोबाइलच्या वर्गणीची रीत नेमकी उलटी. काही केले नाही तर ती आपोआप चालू राहते. एकदा पिन टाकून संमती दिली की दर महिन्याला पैसे जातात. याला 'ऑटोपे' म्हणतात. यूपीआयवर ही सोय जुलै 2020 पासून आली. सोय वाईट नाही. विजेचे बिल किंवा विम्याचा हप्ता विसरू नये म्हणून ती कामाचीच आहे. कपातीच्या संमतीपत्रावर आपण सही करतो, तसेच हे आहे. फरक इतकाच, की संमतीपत्र आपण वाचून घेतो आणि इथे पिन टाकून मोकळे होतो.

अ‍ॅप काढले म्हणजे वर्गणी गेली नाही

सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. खोडवा ठेवायचा असतो तेव्हा आपण ऊस जमिनीलगत कापतो आणि बुडख्यातून पुन्हा फुटवे येतात. खोडवा नको असेल तर वरून कापून भागत नाही, बुडखा उपटावा लागतो. फोनमधून अ‍ॅप काढणे म्हणजे वरून ऊस कापणे. बुडखा असतो बँकेला दिलेल्या संमतीत. तो उपटण्याची रीत अशी :

1. प्रथम ज्या अ‍ॅपची वर्गणी आहे ते उघडावे. 'अकाउंट' किंवा 'सबस्क्रिप्शन' या सदरात 'कॅन्सल' असते, ते दाबावे. मध्ये दोन-तीन वेळा "खरेच जाता का? निम्म्या दरात देतो" असे विचारतील. भुलू नये. शेवटी 'रद्द झाले' असा मजकूर येईपर्यंत थांबावे.

2. वर्गणी प्ले स्टोअरमार्फत घेतली असेल तर प्ले स्टोअर उघडावे. वरच्या कोपऱ्यातील आपल्या नावाच्या गोल चित्रावर बोट ठेवावे. 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स', त्यात 'सबस्क्रिप्शन्स'. चालू असलेल्या सर्व वर्गण्या तिथे दिसतात. नको ती निवडून 'कॅन्सल' करावी.

3. नंतर फोनपे, गुगल पे, पेटीएम, भीम यांपैकी जे वापरता ते उघडावे. प्रोफाइलमध्ये किंवा पेमेंटच्या सेटिंगमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मॅन्डेट' असे सदर सापडते. कोणाला, किती आणि केव्हा पैसे जाणार याची यादी तिथे असते. 'पॉज' म्हणजे तात्पुरते थांबविणे, 'कॅन्सल' किंवा 'रिव्होक' म्हणजे कायमचे बंद. दोन अ‍ॅप वापरत असाल तर दोन्ही तपासावीत.

4. एटीएम कार्डाचा नंबर देऊन वर्गणी घेतली असेल आणि ती यापैकी कुठेच दिसत नसेल, तर पासबुक घेऊन शाखेत जावे आणि संमती रद्द करण्याचा लेखी अर्ज द्यावा. अर्जाची पोच घ्यावी.

5. सिमकार्डावरील कॉलर ट्यून वगैरेचे पैसे रिचार्जमधून जात असतील तर 155223 हा मोफत क्रमांक आहे. न मागितलेल्या सेवा बंद करण्यासाठीच तो ठेवला आहे.

रद्द केल्यावर पडद्याचा फोटो काढून ठेवावा. एकदा भरलेल्या महिन्याची सेवा बहुधा मुदत संपेपर्यंत चालू राहते. त्यामुळे नको असलेली वर्गणी बंद करायला शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. पुष्कळांचा हप्ता असा एका दिवसाने चुकतो.

सूचना येते, पण वाचतो कोण?

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून असे पैसे कापण्याच्या निदान 24 तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते. नियम चांगला आहे. पण आपल्याकडची स्थिती वेगळी. भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याकडे जंगलातल्या गावांत रेंज नाही. टेकडीवर चढले तर चार मेसेज एकदम येतात, तेही इंग्रजीत. तोवर पैसे गेलेले असतात. म्हणून सूचनेच्या भरवशावर न राहता महिन्यातून एकदा, आठवडी बाजाराच्या दिवशी म्हणा, ऑटोपेची यादी उघडून पाहावी. घरात शाळा-कॉलेजात जाणारे मूल असेल तर त्याच्याकडून वाचून घ्यावी. पोरांवर संशय घेण्यापेक्षा त्यांना हिशेबाला बसवावे, हे बरे.

आणखी एक. रद्द करण्याची वाट मुद्दाम लपविणे याला सरकारने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत अनुचित प्रकार ठरविले आहे. त्यांत एकंदर 13 फसव्या क्लृप्त्या सांगितल्या आहेत आणि वर्गणीचा सापळा ही त्यांतली एक. रद्द करूनही पैसे गेले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मराठीत तक्रार नोंदविता येते.

मात्र इंटरनेटवर 'कस्टमर केअर'चा नंबर शोधून फोन करू नये. तिथे भामटे टपून बसलेले असतात. "पैसे परत करतो, पिन टाका" असे कोणी म्हटले की फोन ठेवावा. पैसे परत मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर वेळ न घालविता 1930 वर कळवावे.

काय ठेवावे, काय काढावे

सरसकट सगळेच बंद करू नये. तण काढताना ऊस उपटला जातो, तसे व्हायचे. जीवन ज्योतीचे 436 आणि सुरक्षा विम्याचे 20 रुपये राहू द्यावेत. आपण मोहफुले, तेंदूपानांसाठी जंगलात जाणारी माणसे. साप चावून किंवा झाडावरून पडून मृत्यू झाला तरी दवाखान्याची नोंद असल्यास 20 रुपयांच्या विम्यातून वारसाला दोन लाख मिळतात. त्यासाठी मे महिन्याच्या शेवटी खात्यात निदान 500 रुपये शिल्लक ठेवावेत. लेकरू खरोखर शिकत असेल तर अभ्यासाचे अ‍ॅपही ठेवावे. आपल्या त्या सभासदांनी 199 चे ठेवले आणि बाकी दोन बंद केले. त्या संध्याकाळी बापलेक एकाच गाडीवर गावी परत गेले.

मला शक्य असलेली एक गोष्ट मी करणार आहे. या हंगामात लागवडीच्या नोंदीसाठी गट कार्यालयात याल तेव्हा फोन आणि पासबुक सोबत आणा. आपण मिळून यादी पाहू. पिन मात्र मला सांगू नका, कोणालाच सांगू नका. तो तुम्हीच टाकायचा.

ऊस बिलाच्या पावतीवर जशी नजर ठेवता, तशीच फोनमधल्या कपातीवर ठेवा, एवढीच विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी