नौरू बेटाची माती

पॅसिफिक महासागराच्या नकाशावर नौरू हें नांव छापावयास जागा सांपडते, पण बेट दाखवावयास साधें टिंबही मोठें होतें. विषुववृत्ताच्या दक्षिणेस अवघ्या अर्ध्या अंशावर असलेल्या ह्या स्वतंत्र देशाचें क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर आहे. अशीं वीस बेटें एकट्या मुंबई शहराच्या हद्दींत मावतील. लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास. किनाऱ्यानें बेटास वळसा घालणारा रस्ता सुमारें १९ किलोमीटरांचा असल्यामुळें, चालण्याची संवय असलेला मनुष्य सकाळीं निघाला तर देशप्रदक्षिणा पुरी करून दुपारच्या भोजनास घरीं परत येईल. देशाला अधिकृत राजधानी नाहीं. यारेन नांवाच्या भागांत पार्लमेंट व सरकारी कचेऱ्या आहेत, एवढेंच. अशा ह्या देशाची गणना एके काळीं दरडोई उत्पन्नाच्या मानानें जगांतील अतिश्रीमंत राष्ट्रांत होत असे. आणि पुढें एका पिढीच्या आंतच त्याच्यावर दिवाळें वाजण्याची पाळी आली. ही हकीकत सांगतांना नौरूच्या लोकांच्या उधळेपणास हंसण्याची चाल पडली आहे. ती आम्हांस तितकीशी रास्त वाटत नाहीं; कां, तें पुढें येईलच.

प्रथम बेटाची घडण पाहूं. समुद्रतळांतून उठलेल्या एका ज्वालामुखीच्या माथ्यावर पोंवळ्याच्या किड्यांनीं लक्षावधि वर्षें थरावर थर चढविले, व पुढें तो सारा ढीग पाण्याबाहेर उचलला गेला. किनाऱ्यालगत दीडशें ते तीनशें मीटर रुंदीची सुपीक पट्टी आहे. नारळ व केवड्याच्या जातीचीं झाडें तेथेंच होतात आणि वस्तीही बहुतेक तेथेंच. पट्टीच्या मागें कडा, आणि कड्यावर पठार. मध्याच्या जरा नैऋत्येस बुआडा नांवाचें मचूळ पाण्याचें तळें आहे. नदी एकही नाहीं. पाऊस पडला तर धो धो, न पडला तर महिनेच्या महिने कोरडे. आतां समुद्राचें पाणी यंत्रानें गोडें करून पितात. बेटाभोंवतीं पोंवळ्याच्या खडकांचें कडें आहे व त्याच्या बाहेर समुद्राचा तळ एकदम इतका खोल जातो कीं जहाजाला नांगर टाकावयास आधार मिळत नाहीं. म्हणून मोठाले बोये सांखळ्यांनीं जखडून त्यांस जहाजें बांधण्याची युक्ति करावी लागली. एवढा खटाटोप ज्या वस्तूसाठीं झाला, ती वस्तु पठारावर होती.

पण तिच्याकडे वळण्यापूर्वीं तेथील माणसांविषयीं दोन शब्द. नौरूचे लोक बारा कुळांचे. मूल कोणत्या कुळाचें, हें आईवरून ठरतें. देशाच्या निळ्या निशाणावर विषुववृत्तादाखल एक पिवळी पट्टी असून तिच्या खालीं बारा टोकांचा पांढरा तारा आहे, तो ह्या बारा कुळांचा. एका जातीच्या माशांचीं बारीक पिलें खडकांवर धरून, हळूहळू मचूळ पाण्यास सरावूं देऊन, बुआडाच्या तळ्यांत वाढविण्याची त्यांची रीत होती. तळ्यांत घराघराचे वांटे बांध घालून ठरविलेले असत. फ्रिगेट नांवाचे लांब पंखांचे समुद्रपक्षी माणसाळवून त्यांच्या आमिषानें रानटी पक्षी खालीं उतरविणें, हा तेथील पुरुषांचा मानाचा खेळ. १७९८ सालीं जॉन फर्न ह्या इंग्रज कप्तानानें बेट पाहून त्यास ‘रम्य बेट’ असें नांव दिलें. मागाहून आलेल्या गोऱ्या खलाशांनीं व व्यापाऱ्यांनीं बंदुका व दारू आणली; १८७८ पासून दहा वर्षें कुळाकुळांत यादवी माजली, आणि १८८८ सालीं जर्मनीनें बेट ताब्यांत घेतलें.

त्यानंतरची गोष्ट एखाद्या कादंबरींत शोभेल अशी आहे. सिडनी येथें पॅसिफिक बेटांशीं व्यापार करणाऱ्या एका कंपनीच्या कचेरींत दार मिटूं नये म्हणून एक दगड लावून ठेवीत असत. नौरूहून आणलेलें, दगड झालेलें लांकूड, अशी त्याची ख्याति होती. १८९९ सालीं अल्बर्ट एलिस नांवाच्या तरुण नोकराला त्याचा संशय आला. त्यानें तुकडा फोडून रासायनिक परीक्षा केली, तों तो उत्तम प्रतीचा फॉस्फेट निघाला! पिकास जीं द्रव्यें लागतात त्यांत फॉस्फरस हें मुख्यांपैकीं एक, आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील जमिनींत नेमकी त्याचीच वाण. नौरूचा दगड दळून त्यावर गंधकाम्लाची क्रिया केली कीं सुपरफॉस्फेट हें खत तयार होतें, व त्याच्या बळावर निकृष्ट माळावर गहूं डोलूं लागतो. हा फॉस्फेट समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेपासून बनला असें पुष्कळ दिवस मानीत असत. आज त्याच्या उत्पत्तीविषयीं विद्वानांत मतभेद आहे.

खोदाई १९०७ सालीं सुरू झाली. जमीनमालकांस प्रारंभीं टनामागें अर्धी पेनी मिळे. १९१४ सालीं, पहिल्या महायुद्धाच्या आरंभींच, ऑस्ट्रेलियन सैन्यानें बेट घेतलें, आणि युद्ध संपल्यावर राष्ट्रसंघानें तें ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड ह्या तिघांच्या हवालीं केलें, तें विश्वस्त म्हणून. तिघांनीं १९१९ मध्येंच आपसांत करार करून मालाची वांटणी ठरविली होती: ब्रिटनला शेंकडा ४२, ऑस्ट्रेलियाला ४२ व न्यूझीलंडला १६. माल बाजारभावानें नव्हे, तर खर्चाच्या भावानें घ्यावयाचा. विकणारा तोच, घेणारा तोच, आणि मालकाचा पालकही तोच! अज्ञान मुलाच्या इस्टेटीवर नेमलेल्या पालकानें असा व्यवहार केला असता तर आमच्याकडील कोर्टांनीं त्यास काय म्हटलें असतें, हें वाचकांस सांगावयास नको.

ह्या काळांत नौरूच्या लोकांना चिंता होती ती निराळीच. १९२० च्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत माणसें इतकीं मेलीं कीं जात टिकते कीं नाहीं असा प्रश्न पडला. वंश टिकावयाचा तर निदान दीड हजार माणसें हवींत, असें ठरलें. आणि २६ ऑक्टोबर १९३२ रोजीं पंधराशेंवें मूल जन्मास आलें, तेव्हां सर्व बेटानें उत्सव केला. ‘अंगाम’ नांवाचा तो सण अजून पाळतात. पण दहा वर्षांनीं, १९४२ सालीं, जपानी सैन्य उतरलें. त्यानें सुमारें बाराशें लोकांस दूरच्या ट्रक बेटांवर मजुरीस नेलें, आणि कुष्ठरोग्यांना होडींत घालून भर समुद्रांत बुडविलें. ते एकोणचाळीस होते. ३१ जानेवारी १९४६ रोजीं ट्रकहून जे परत आले त्यांची संख्या ७३७. पंधराशेंचा आंकडा पुन्हा गांठावयास १९४९ साल उजाडावें लागलें.

फॉस्फेट कसा खणतात, हें येथें सांगितलें पाहिजे. पठारावर पोंवळ्याच्या खडकाचे सुळके दाटीनें उभे असून त्यांच्या मधल्या खळग्यांत तो मातीसारखा भरलेला असतो. तो उपसून नेला कीं मागें उरते ती उघड्या, अणकुचीदार सुळक्यांची रांग. त्यावर नांगर चालत नाहीं कीं घर उठत नाहीं. असें पडीक रान वाढत चाललेलें पाहून ऑस्ट्रेलियानें सर्व नौरूवासीयांस क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळील कर्टिस बेटावर नेऊन वसविण्याची योजना पुढें केली. तेथें आम्ही ऑस्ट्रेलियाचे नागरिक होऊन राहूं, पण नौरूवासी राहणार नाहीं, असें म्हणून लोकांनीं १९६४ सालीं ती नाकारली. ट्रकहून परतल्याच्या दिवसाचीच तीथ धरून, ३१ जानेवारी १९६८ रोजीं, हॅमर डीरोबर्ट ह्यांच्या नेतृत्वाखालीं देश स्वतंत्र झाला. तोंवर बेटाचा एक तृतीयांश भाग खणून झाला होता.

खाणी हातीं आल्यावर पैशाचा पूर लोटला, आणि त्याबरोबर जें व्हावयाचें तें झालें. प्राप्तीवर कर नाहीं, स्वतःचीं विमानें, मेलबर्न येथें १९७७ सालीं बांधलेली ५२ मजल्यांची नौरू हाऊस ही त्या वेळची त्या शहरांतील सर्वांत उंच इमारत. १९९३ सालीं तर लंडन येथें लिओनार्दो दा विंचीवरील एका संगीत नाटकांत ह्या राष्ट्राचा पैसा घातला, व तें थोड्याच दिवसांत पडलें. सल्लागार म्हणून आलेल्या परकीयांनीं आपलें घर भरून घेतलें. २००४ सालीं नौरू हाऊस विकावी लागली. पुढील वर्षाच्या अखेरीस उरलेलें एकुलतें एक विमानही कर्जापायीं जप्त झालें. बँक बुडाली आणि सामान्य माणसांच्या ठेवी अडकल्या. हें सर्व खरें, व त्याचा दोष तेथील राज्यकर्त्यांवर येतोच. पण पहिलीं साठ वर्षें जी माती गेली ती कोणाच्या शेतांत पडली, हा हिशेब प्रथम मांडला पाहिजे. नौरूनें तो मांडला. १९८९ सालीं त्यानें ऑस्ट्रेलियास हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयांत खेंचलें, आणि १९९३ सालीं १० कोटि ७० लक्ष ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याच्या अटीवर तडजोड झाली.

आज बेटाचा सुमारें चार पंचमांश भाग उकरलेला आहे. किनाऱ्याची पट्टी सोडल्यास पिकावयास जागा नाहीं. तांदूळ, डबाबंद मांस व साखर बाहेरून येते, आणि मधुमेहाचें प्रमाण जगांतील अत्यंत अधिक प्रमाणांपैकीं एक आहे. ट्यूना, म्हणजे आपल्या कोंकणांतील कुप्याच्या जातीचे मासे, धरण्याचे परवाने परदेशी जहाजांस देऊन उत्पन्न मिळतें. ऑस्ट्रेलियास आश्रय मागावयास समुद्रमार्गें निघालेल्या परक्या माणसांना ठेवून घेण्याबद्दलही ऑस्ट्रेलियाकडून पैसा येऊं लागला. ती छावणी २००१ सालीं निघाली, २००८ मध्यें बंद झाली व २०१२ मध्यें पुन्हा उघडली. त्या छावणींतील लोकांचे हाल हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आतां समुद्राची पातळी वाढत असल्यामुळें किनाऱ्याची पट्टी सोडून वस्ती वर न्यावी, अशी तेथील सरकारची योजना आहे. वर म्हणजे त्याच खणलेल्या पठारावर. त्यासाठीं सुळके फोडून जमीन सपाट करावयाची, नवी माती तयार करावयाची, पाण्याची सोय करावयाची, असें हें अनेक वर्षांचें काम आहे. फोडलेल्या सुळक्यांची खडी बांधकामास चालते, हा त्यांतला एक लाभ. मात्र ती ओसाड जमीनसुद्धां सरकारची नाहीं. बापजाद्यांच्या वेळेपासून ती कुटुंबांच्या मालकीची असून वारसांत वांटत वांटत एकेका तुकड्याचे शेंकडों हिस्सेदार झाले आहेत. सातबाऱ्याचे तंटे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस ह्याची कल्पना येईल. घरें बांधण्यापूर्वीं ह्या सर्वांची संमति मिळवावी लागते, आणि झाडें, बांध, वाटा सर्व नाहींसें झाल्यावर ज्याच्या त्याच्या हद्दीच्या खुणा आतां कागदावरच उरल्या आहेत.