बोनेट कब्ज्यावरचं बरं, की उचलून ठेवायचं?

ऑक्टोबर लागला की दारव्हा, दिग्रस, नेरकडच्या शिवारात सोयाबीनच्या गंज्या दिसतात आणि गंजीशेजारी थ्रेशर. थ्रेशर फिरवणाऱ्या ट्रॅक्टरांकडे जरा नीट पाहा. एखाद्याचं बोनेट जागेवर नसतं. ते धुऱ्यावर पालथं पडलेलं असतं आणि त्यावर कोणाचा तरी डबा ठेवलेला असतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "काढूनच ठेवलं भाऊ, इंजिन थंड राह्यते."

हीच समजूत यवतमाळ शहरात दुसऱ्या रूपात भेटते. रॅलीच्या गाड्यांचे व्हिडिओ पाहून आलेला पोरगा गॅरेजवर सांगतो की कब्जे काढा, चार कोपऱ्यांना चार पिना लावा, बोनेट उचलून बाजूला ठेवता आलं पाहिजे. गाडी हलकी होईल, इंजिनाला हवा मिळेल, शिवाय दिसायलाही भारी.

आधी ट्रॅक्टरचं पाहू, कारण आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न खरा तिथे आहे.

बोनेट काढलं की इंजिनाची गरम वाफ वर निघून जाते, हात लावला तर वरचे भाग कमी तापलेले लागतात, एवढं खरं. पण इंजिनाची बरीचशी उष्णता कूलंट, म्हणजे आपण ज्याला सरळ पाणी म्हणतो, ते वाहून नेतं आणि रेडिएटरच्या पातळ पात्यांमधून बाहेर टाकतं. पंखा समोरून हवा ओढतो ती त्या पात्यांमधून. बोनेटची पुढची जाळी आणि बाजूच्या जाळ्या या वाटेवर चाळणीचं काम करतात. त्या काढल्या की थ्रेशरचं भुसकट थेट पात्यांवर जाऊन बसतं. तासाभरात रेडिएटरवर गोधडी चढल्यासारखा थर होतो आणि काटा लाल पट्ट्याकडे सरकतो. मग मालक म्हणतो, बोनेट काढूनही तापतंय, म्हणजे इंजिनातच खोट आहे.

ऊन वेगळंच. समजा कूलंट ९० अंशांवर आहे. बाहेर ३० अंश असतील तर दोहोंत ६० अंशांचा फरक. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की फरक उरतो ४५. रेडिएटर किती उष्णता टाकेल ते साधारण याच फरकावर ठरतं. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याची ताकद आपोआप चौथ्या हिश्श्याने घटते. उरलेल्या तीन हिश्श्यांवर भुसकट बसू द्यायचं नाही. त्यासाठी काम चालू असताना थोड्या-थोड्या वेळाने इंजिन बंद करून जाळी झटकायची, आणि रेडिएटरला हवा मारायची ती पंख्याच्या बाजूने पुढे, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने परत जातो. पुढून मारली तर तो आत रुततो.

आता ही झटकाझटकी दिवसातून पाच-सहा वेळा करायची आहे. जुन्या ट्रॅक्टरांचा वरचा पत्रा बोल्टांनी कसलेला असायचा, बाजूच्या जाळ्या वेगळ्या काढाव्या लागायच्या. दरवेळी पान्हा शोधायचा, पत्रा दोघांनी उतरवायचा, पुन्हा चढवायचा. कोण करतं? म्हणूनच एकदा काढलेला पत्रा हंगामभर धुऱ्यावर राहतो. नव्या ट्रॅक्टरांचं एकसंध बोनेट कब्ज्यावर फिरतं, गॅसच्या दांडीवर उभं राहतं आणि एकटा माणूस एका हाताने उघडतो. कब्ज्याचा फायदा मला विचाराल तर एवढाच आणि तो मोठा आहे: उघडणं सोपं असलं की माणूस उघडतो, आणि परत लावतोही. उघड्या इंजिनाशेजारी गळ्यातला दुपट्टा फिरत्या पट्ट्याच्या किती जवळ येतो, हे थ्रेशरवर वावरलेल्याला सांगावं लागत नाही.

आता कारकडे वळू. "कब्जे काढले की गाडी हलकी होते." लहान कारचं पोलादी बोनेट साधारण दहा ते पंधरा किलोचं. दोन कब्जे आणि आधाराची दांडी मिळून वजन भरतं एखाद-दोन किलो. गाडी नऊशे किलोची, त्यात घरची चार माणसं आणि मागे सरकीच्या ढेपेचं पोतं. वजन कमी होतं ते बोनेट कशाचं आहे त्यावर. ॲल्युमिनियमचं बोनेट पोलादी बोनेटच्या जवळपास निम्म्याने हलकं होतं आणि ते कब्ज्यावरच बसतं. स्वस्तातलं फायबरचं बोनेट हलकं असतं खरं, पण आतली चौकट नीट नसेल तर इंजिनाची धग खालून आणि ऊन वरून खाऊन ते वाकतं, वेगात फडफडतं. त्यावर गॅसची दांडी लावली तर ती पत्र्यालाच वर ढकलून पोक काढते.

एक युक्ती आणखी प्रिय आहे. मागच्या कब्ज्यांखाली वायसर घालून बोनेटची काचेकडची कड बोटभर उचलायची, म्हणजे गरम हवा निघून जाईल. बसस्टँडच्या चौकात अडकलेल्या गाडीत ती जाते. पण नागपूर-तुळजापूर रस्त्यावर ऐंशीच्या वेगात समोरची हवा काचेच्या पायथ्याशी येऊन अडते आणि तिथला दाब वाढतो. बऱ्याच गाड्यांत केबिनसाठीची हवा तिथूनच आत घेतात, ते याच दाबामुळे. म्हणजे ज्या फटीतून हवा बाहेर जाईल असं वाटतं, तिथून ती आत घुसायला बघते आणि रेडिएटरमागची हवा कोंडते.

"रेसच्या गाड्यांना पिना असतात, म्हणजे त्याच पक्क्या." रेसच्या गाड्यांचा आंतरराष्ट्रीय नियम असा की बोनेटला किमान दोन जादा पकडी हव्यात आणि मूळचं लॉक निकामी करायचं. कारण अपघातात बाहेरच्या माणसाला ते झटकन उघडता यावं. त्या गाडीमागे मेकॅनिकांची फौज असते, निघण्यापूर्वी प्रत्येक पिन कोणीतरी हात लावून पाहतो. आपली गाडी रात्री आर्णी नाक्याजवळ उभी राहते. जे बाहेरच्याला झटकन उघडतं ते बॅटरीचोरालाही उघडतं. धक्क्यात बोनेट नागमोडी दुमडावं म्हणून आतल्या चौकटीला ठरावीक जागी कमजोर रेघा दिलेल्या असतात. त्या वेळी मागची कड काचेतून आत येऊ नये, म्हणून कब्जे ती धरून ठेवतात. चार पिनांवर ठेवलेल्या पत्र्यासाठी कंपनीने हा हिशेब कधी मांडलेलाच नसतो.

कायद्याचं विचारतात. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये कब्ज्याचं नाव नाही. पण कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मालकाने केलेल्या बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. धोकादायक अवस्थेतली गाडी रस्त्यावर आणल्याबद्दलचं कलम १९० वेगळं. बोनेट दोरीने बांधून फिरणाऱ्याने ते वाचावं.

कब्जा कुठल्या बाजूला, यानेही फरक पडतो. महिंद्राने १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या, तेव्हापासूनच्या जीपचं बोनेट काचेकडच्या कब्ज्यावर फिरतं आणि पुढे दोन्ही मडगार्डांवरच्या खटक्यांनी धरलेलं असतं. ॲम्बॅसडरही मागूनच कब्ज्याची. याउलट मद्रासला बनणाऱ्या स्टँडर्ड हेराल्डचा सगळा पुढचा भाग, मडगार्डांसकट, पुढे कलंडायचा. बाजूला चाकावर बसून इंजिनाचं काम करता यायचं. तसलं बोनेट चालत्या गाडीत सुटलं तर वारा ते उलट दाबून धरतो. मागे कब्जे असलेलं सुटलं तर वारा ते उचलून काचेवर आपटतो. म्हणून त्याला दुसरा, हाताने सोडायचा खटका असतो.

मुळात हा 'हे की ते' असा सामना नाहीच. कब्ज्यावरचं कुठलंही बोनेट उचलून काढता येतं: काच धुण्याच्या पाण्याची नळी सोडायची, कब्ज्याभोवती मार्करने रेघ मारून ठेवायची, दोघांनी दोन बाजूंनी धरायचं आणि चार बोल्ट. इंजिन उतरवायचं असतं तेव्हा प्रत्येक मिस्त्री हेच करतो, आणि रेघ मारली असेल तर फटी पुन्हा तशाच जुळतात. पिनांवरचं बोनेट मात्र एकट्या माणसाला भर रस्त्यात धड उघडता येत नाही. उघडलंच तर ते ठेवायचं कुठे? मे महिन्याच्या वावटळीत भिंतीला टेकवलेला पत्रा किती वेळ उभा राहतो?

जत्रेत, रॅलीत, प्रदर्शनात दिसणाऱ्या गाडीला पिना लावा, हरकत नाही. कामाच्या गाडीला कब्जे राहू द्या, आणि त्यांना वर्षातून दोनदा ग्रीस दाखवा.

पांढरकवड्याकडे रात्री रोही आडवा आला आणि गाडीला नाकावर मार बसला, की पुष्कळ लोक पत्रा ठोकून, रंग मारून मोकळे होतात. लॉकचा पट्टा वाकलेला तसाच राहतो. गाडी घरी आणल्यावर आतली कळ ओढा, बोनेट किंचित उचललं जाईल. आता दुसऱ्या खटक्याला हात न लावता पुढची कड जोरात वर ओढून पाहा. ते तिथेच अडलं पाहिजे. नाही अडलं, तर गाडी तशीच परत गॅरेजला, आणि तीही हळू.