चंचल मनाची मशागत



आपल्या शाहूवाडी तालुक्यात शेतीची पदवी घेतलेली मुले-मुली आता गावोगावी दिसतात. बी.एस्सी. झाल्यावर त्यांतील कित्येकांना एम.एस्सी. करावयाची असते. त्यासाठी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. राहुरी, अकोला, परभणी व दापोली या चार कृषी विद्यापीठांसाठी राज्याची सामाईक परीक्षा असते, तर देशभरातील कृषी विद्यापीठांतील काही जागांसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची वेगळी परीक्षा असते. जागा थोड्या, उमेदवार फार. म्हणून घरचे पोटाला चिमटा घेऊन पोराला वर्षभर अभ्यासासाठी मोकळे ठेवतात.

पण काही घरांतून निराळेच गाऱ्हाणे ऐकू येते. "पोरगं हुशार आहे हो, पण बूड टेकत नाही. पुस्तक उघडतं आणि दहा मिनिटांत गोठ्यात जाऊन उभं राहतं." "पोरगी तासन् तास पुस्तकासमोर असते, पण विचारलं तर पान तेच." अशा मुलाला आपण आळशी, उनाड, बेफिकीर म्हणून मोकळे होतो. सगळ्यांच्या बाबतीत ते खरे नसते.

आळस नव्हे, विकार

लक्ष न टिकणे, हातापायांची सतत चुळबुळ, विचार करण्याआधीच कृती होणे, वस्तू व वेळ यांचे भान सुटणे, ही लक्षणे लहानपणापासून असतील आणि शाळेत, घरात, कामात सगळीकडे अडवत असतील, तर त्याला डॉक्टर 'एडीएचडी' म्हणतात. मराठीत त्यास अवधान-न्यूनता व अतिचंचलता म्हणता येईल. हे आजकालचे फॅड नव्हे. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी 1902 साली अशा मुलांचे वर्णन डॉक्टरांच्या सभेपुढे केले होते. जगभरच्या पाहण्यांवरून शंभर मुलांत सुमारे पाच मुलांना हा विकार असल्याचा अंदाज आहे. बऱ्याच जणांत तो मोठेपणीही राहतो. तो पुष्कळ अंशी आनुवंशिक असतो, आईबापांच्या लाडाने होत नाही. मुलींत बहुधा धांदल कमी आणि हरवलेपण जास्त दिसते. त्यामुळे त्यांच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही.

या मुलांत लक्ष देण्याची शक्तीच नसते, असे मात्र नाही. आवडीचे काम मिळाले की हेच पोर पंपाची मोटर उघडून जेवणखाण विसरते. आंब्याकडच्या भागात आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, तरी वैशाखात वाड्या-वस्त्यांवर पाण्याची ओढ लागते. पाऊस कमी नसतो, तो उतारावरून वाहून जातो. या मुलांच्या लक्षाचे तसेच आहे. त्याला बांध घालावा लागतो, आणि एकट्या मुलाला तो घालता येत नाही. घराने हात लावावा लागतो.

आधी डॉक्टर

शंका असल्यास मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जाता येते. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा 2022 पासून सुरू आहे, तिचा क्रमांक 14416. मराठीतही बोलता येते. या विकाराचे निदान रक्त तपासून होत नाही. डॉक्टर लहानपणची हकिगत विचारतात, म्हणून आई किंवा वडिलांनी बरोबर जावे आणि शाळेची जुनी प्रगतिपुस्तके न्यावीत. झोप अपुरी असणे, थायरॉइडचा दोष, चिंता किंवा उदासीनता यांमुळेही लक्ष उडते, तेही तपासून घेता येते.

औषधांचा बऱ्याच जणांना चांगला गुण येतो. पण त्यांनी भूक व झोप कमी होऊ शकते, नाडी वाढू शकते. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती घ्यावीत. वसतिगृहातील मित्राच्या गोळ्या 'अभ्यासासाठी' घेणे धोक्याचे आहे. शिवाय औषधाने मन बसते, धडा मात्र आपोआप पाठ होत नाही.

अभ्यासाचे वाफे

"आज मृदाशास्त्र संपवतो" असे म्हणून बसणे म्हणजे सबंध उतार एकदम भिजवू पाहणे होय. लहान वाफे पाडावेत. पंचवीस मिनिटांचा एक वाफा, मध्ये पाच मिनिटे विश्रांती. प्रत्येक वाफ्याला एकच काम, तेही कागदावर लिहिलेले. उदाहरणार्थ, "चोपण जमिनीची सुधारणा : वीस प्रश्न". घड्याळ डोळ्यांसमोर असावे, कारण या मुलांना गेलेल्या वेळेचा अंदाज येत नाही.

मोबाइल आईकडे द्यावा. मध्येच "बैलाला पाणी दाखवलं का?" असा विचार आला, तर शेजारच्या कोऱ्या कागदावर टिपावा आणि पुढे वाचावे. विश्रांतीत बसून राहू नये, वैरण टाकावी, अंगणात फेरी मारावी. चालता चालता मोठ्याने पाठ करण्यास हरकत नाही.

जवळ कोणी शांतपणे आपले काम करीत बसले, तर अशा मुलांचा जीव अभ्यासात जास्त टिकतो. आजी तांदूळ निवडत बसली तरी पुरे. तिने अभ्यास घ्यावयाचा नाही, की टोकावयाचे नाही. नुसते असावे.

तेच पान पुनःपुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिणे अधिक उपयोगी पडते. आज शिकलेले उद्या, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने स्वतःला विचारावे. जुन्या प्रश्नपत्रिका यासाठीच असतात.

घाईचा हिशेब

अखिल भारतीय परीक्षेत अलीकडच्या वर्षांत 120 प्रश्नांना 120 मिनिटे दिलेली आहेत. बरोबर उत्तरास 4 गुण, चुकल्यास 1 गुण वजा. म्हणजे येत असलेला प्रश्न केवळ घाईने चुकला, तर फरक पाच गुणांचा पडतो. असे दहा प्रश्न झाले की पन्नास गुण गेले. "खालीलपैकी कोणते बरोबर नाही?" यातील 'नाही' निसटणे हा या मुलांचा नेहमीचा अपघात आहे. सरावात असा शब्द दिसताच तो कच्च्या कागदावर लिहिण्याची सवय लावावी. चारही पर्याय वाचल्याखेरीज उत्तर देऊ नये. पूर्ण दोन तासांची सराव परीक्षा घड्याळ लावून आठवड्यास एक तरी द्यावी.

जादा वेळ मिळेल असे गृहीत धरू नये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, पण एडीएचडीचे नाव स्वतंत्रपणे नाही. वाचन-लेखनाची अडचणही असेल, तर अर्जाची मुदत येण्याच्या पुष्कळ आधी सरकारी रुग्णालयात तपासून घ्यावे आणि परीक्षेच्या माहितीपत्रकातील नियम पाहावेत.

लावणी आणि परीक्षा

आपल्या भागाची खरी अडचण आणखी आहे. ही परीक्षा अलीकडे जून-जुलैच्या सुमारास येते. त्याच वेळी धूळवाफेच्या भातात कोळपणी-भांगलण आणि इतरत्र रोप लावणीची घाई असते, माणूस मिळत नाही, वीज जाते. अशा वेळी "आजचा दिवस चिखलात चल" म्हणणे सोपे आहे. पण ज्याची घडी एकदा विस्कटली की चार दिवस बसत नाही, अशा मुलाचा तो एक दिवस राहत नाही. यास्तव अक्षय्य तृतीयेच्या सुमारासच घरात बसून ठरवावे : परीक्षेआधीचे तीन आठवडे या हातांवाचून काम कसे निभावावयाचे, पैरा कोणाशी करावयाचा. मुलाने रोज तासभर अंगमेहनत जरूर करावी, ती त्याला औषधासारखी आहे. मात्र तिची वेळ ठरलेली असावी.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. अशी मुले अभ्यासात कमी आणि तारखांत जास्त चुकतात. अर्ज, शुल्क, प्रवेशपत्र, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर या सर्वांच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहाव्यात आणि एका वडीलधाऱ्याने त्या रोज पाहाव्यात. तहसीलचे दाखले मुदतीच्या महिनाभर आधीच मागावेत.

माता-भगिनींनो, अशा मुलाने बारा-पंधरा वर्षे 'निष्काळजी' हा शब्द ऐकलेला असतो, आणि हळूहळू त्याला तो खरा वाटू लागतो. परीक्षेत जागा मिळेल वा न मिळेल. कृषी सेवा केंद्र, रोपवाटिका, बँक, पुन्हा पुढच्या वर्षीची परीक्षा, वाटा पुष्कळ आहेत. पण आपण आळशी आहोत ही समजूत मनात घट्ट झाली, तर तो कोणत्याच वाटेने जाणार नाही. तेव्हा आज संध्याकाळी त्याला बोल लावण्याऐवजी एवढेच विचारा : "तुझं मन कुठे कुठे पळतं, सांग बरं." उत्तर ऐकून घ्या, आणि त्यावरून डॉक्टरांकडे जाण्याचा दिवस ठरवा.