मोटारसायकलीचा कंप : दोष चाकात की इंजिनात?

गणेशोत्सव जवळ आला म्हणजे लालबाग, परळ, दादर व गिरगाव येथील कित्येक चाकरमानी मोटारसायकलीवरूनच कोकणातील आपल्या गावाकडे निघतात. मुंबईत विनातक्रार चाललेली गाडी पळस्पे फाटा ओलांडून राष्ट्रीय महामार्ग क्र. ६६ वर येते, वेग ताशी ६० किलोमीटरच्या वर जातो, आणि हँडल किंवा आसन थरथरू लागते. गावी पोचल्यावर इंजिन खोलण्याची भाषा सुरू होते. दूध व भाजीपाला वाहणाऱ्या शेतकऱ्यांच्या गाड्यांसही हीच व्याधी जडत असल्याने ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तिचे निदान समजून घ्यावे. इंजिन खोलण्याची वेळ सहसा येत नाही.

हा दोष शहरात लपून राहतो, याचे कारण साधे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरील गर्दीत व सिग्नलांमुळे गाडीला वेग घेता येत नाही. चाक एका बाजूस जड असल्यास त्यापासून बसणारा हिसका वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; वेग ३० वरून ६० झाला की हिसका चौपट होतो.

प्रथम कंपाची जात ओळखावी. ताशी ६० किलोमीटर वेगाने सामान्य मोटारसायकलीचे चाक सेकंदास सुमारे ९ फेरे घेते. इंजिनाचे फेरे त्याच्या कितीतरी पट असतात. म्हणून चाकाचा दोष ठोके पडल्यासारखा, तर इंजिनाचा बारीक झिणझिण्यांसारखा जाणवतो. खात्रीसाठी दिवसा, कोरड्या, सरळ व मोकळ्या रस्त्यावर, हेल्मेट घालून, कंप सुरू होताच अॅक्सिलरेटर सोडून क्लच दाबावा. इंजिन मंदावूनही कंप तसाच राहिला, तर दोष चाकांत समजावा. तो थांबला, तर गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये इंजिनाचे फेरे तितकेच वाढवून पाहावेत. तेव्हाही कंप आल्यास इंजिन बसविण्याचे बोल्ट व सायलेन्सरचे बोल्ट तपासावेत. न आल्यास साखळी, तिची दातेरी चक्रे आणि मागील चाकाच्या हबमधील रबर पाहावे. एका सिलिंडरच्या इंजिनात थोडा कंप जन्मजातच असतो, हेही विसरू नये.

हँडल हलत असेल तर पुढील चाकाकडे, आसन व पायदाणी हलत असतील तर मागील चाकाकडे आधी वळावे. पंक्चर काढल्यानंतर कंप सुरू झाला काय, हे मालकास अवश्य विचारावे. या एका प्रश्नाने निम्मे काम होते. रिमलगत टायरवर असलेली बारीक रेषा सर्वत्र रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. तशी न दिसल्यास टायर नीट बसलेला नाही. हवा टायर थंड असताना मोजावी. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाक फिरवावे व रिमजवळ काडी धरून ते डुलते काय ते पाहावे. तारेचे आरे पान्याने हलकेच ठोकावेत. खणखणीत वाजणाऱ्या आऱ्यांत एखादा बद्द वाजला तर तो सैल आहे. मात्र तेवढाच आवळू नये, रिम वाकडी होते. ते काम जाणत्या कारागिराचे आहे. चाक दोन्ही हातांनी आडवे हलवावे. खुळखुळ जाणवल्यास बेअरिंग झिजलेले किंवा आसाचा नट सैल असण्याचा संभव असतो, आणि अशी गाडी दुरुस्तीपूर्वी मुळीच रस्त्यावर आणू नये.

कॅरिअरवर जड बोजा बांधल्यास पुढील चाक हलके होऊन हँडल डुलू लागते. सुट्या गाडीत काहीच दोष सापडत नाही. म्हणून तपासणी नेहमीच्या ओझ्यासहही करावी. चालत्या गाडीत हँडल एकाएकी डुलू लागल्यास जोराने ब्रेक दाबू नये. हँडल घट्ट आवळून न धरता वेग हळूहळू उतरू द्यावा आणि गाडी रस्त्याच्या कडेस घ्यावी.