कूर्सचा बहिष्कार: ऐकलेलं आणि घडलेलं

अमेरिकन कामगार चळवळीचा विषय निघाला की कूर्स बिअरवरच्या बहिष्काराचं उदाहरण हमखास येतं. दहा वर्षं लोकांनी बिअर सोडली, कंपनी नमली, कामगार जिंकले, असं सांगितलं जातं. त्यातलं थोडंच खरं आहे.

गैरसमज: भांडण पगाराचं होतं.
कोलोरॅडोतल्या गोल्डन गावचा हा कारखाना 1873 चा. तिथले सुमारे पंधराशे कामगार एप्रिल 1977 मध्ये संपावर गेले, तेव्हा कळीचे मुद्दे होते सेवाज्येष्ठता, अंगझडती आणि लाय डिटेक्टर. नोकरी मागायला आलेल्याच्या छातीला पट्टा नि बोटांना तारा लावून प्रश्न विचारले जात. काही प्रश्न थेट शय्यागृहात शिरत, असा कामगारांचा आरोप होता. कंपनी सुरक्षेचं कारण देई. कारण अगदीच पोकळ नव्हतं: मालक घराण्यातल्या अडॉल्फ कूर्स तिसरे यांचा 1960 मध्ये अपहरणाच्या प्रयत्नात खून झाला होता. पण बाटल्या भरणाऱ्या माणसाच्या खासगी आयुष्याशी त्याचा काय संबंध?

गैरसमज: बहिष्कार संपातून जन्मला.
तो आधीपासून होता. नोकरभरतीतल्या भेदभावावरून मेक्सिकन वंशाच्या संघटनांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीसच कूर्सवर बहिष्कार घातला होता. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत बिअरच्या ट्रकचालकांची टीमस्टर्स युनियन आणि समलिंगी कार्यकर्ते एकत्र आले. हार्वी मिल्क या समलिंगी कार्यकर्त्यांपैकीच एक. मालक घराण्यातल्याच जोसेफ कूर्स यांनी 1973 मध्ये हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारांच्या संस्थेला भांडवल पुरवलं, तेही अनेकांना खटकत होतं. एएफएल-सीआयओ हा कामगार महासंघ 1977 मध्ये यात उतरला.

गैरसमज: संपकऱ्यांनीच युनियनला नाकारलं.
डिसेंबर 1978 च्या मतदानात कारखान्यातल्या युनियनची मान्यता गेली, हे खरं. पण मतदार कोण होते, ते पाहायला हवं. संपकऱ्यांच्या जागी कंपनीने कायमची माणसं भरली होती. अमेरिकन कायद्यानुसार, अशा रीतीने जागा गेलेल्या संपकऱ्याला संप सुरू झाल्यापासून बाराच महिने मताचा हक्क राहतो. मतदान झालं सुमारे वीस महिन्यांनी. आत गेलेल्यांनी मत दिलं, गेटबाहेरचे पाहत राहिले. माझ्या मते संपाचा निकाल कॅलेंडरने लावला.

गैरसमज: बहिष्कार उठला, म्हणजे कामगार जिंकले.
ऑगस्ट 1987 मध्ये समेट झाला. युनियनच्या निवडणुकीत अडथळा न आणण्याचं कंपनीने कबूल केलं, महासंघाने बहिष्कार मागे घेतला. 1988 मध्ये टीमस्टर्सला आपली युनियन मानायचं का, यावर गोल्डनच्या कामगारांनी मतदान केलं. विरोधातली मतं बाजूच्या मतांच्या दुपटीहून जास्त निघाली.